खोल पाण्यात गळ टाकताना पाखरं कशी वाचायची?

[पडद्यावर: निळं पाणी, लांबवर घिरट्या घालणारे सुरय]

नमस्कार मंडळी. किनारा दिसेनासा झाला की मासा शोधायला पाखरांइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. फिशफाइंडर बोटीखालचं पाणी दाखवतो. पाखरू दोन किलोमीटर लांबचं पाणी दाखवतं. पण ‘पाखरं दिसली, चला तिकडे’ एवढ्यावरच डिझेल जाळलं तर बरेचदा हात हलवत परत यावं लागतं. पाखरू कोणतं आहे, किती उंचीवर आहे आणि त्याची चोच कुठे वळलेली आहे, हे आधी बघा. आज आपण कोकणासमोरच्या समुद्राबद्दल बोलू, हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या.

दुर्बीण सोबत हवीच, आणि ती सात बाय पन्नासची, म्हणजे सात पट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगाची. दहा पटीची घेतलीत तर हलत्या बोटीत चित्र इतकं थरथरतं की चोचीचा रंगही कळत नाही.

सुरुवात सुरयापासून (इंग्रजीत टर्न), कारण सगळ्यात जास्त भेटणार तो. लांब टोकदार पंख, दुभंगलेली शेपटी, डोक्यामागे काळा तुरा. चोच पिवळी आणि अंगाने चांगला मोठा असेल तर मोठा तुरेवाला सुरय. चोच नारिंगी आणि अंगाने लहान असेल तर छोटा तुरेवाला. चोच काळी आणि फक्त टोक पिवळं असेल तर सँडविच सुरय. तिघंही तारली, पेडवे, मांदेली असली बारीक मासळी खातात. बुडी मारतात ती जेमतेम हात-दीड हात पाण्यात, त्याहून खाली त्यांना जाता येत नाही. म्हणून खोल समुद्रात सुरय एकाच जागी सारखे पडताना दिसले, तर बारीक मासळीला खालून कुणीतरी वर रेटतंय. गेदर असेल, सुरमई असेल, पण आहे कुणीतरी.

आता उंची. सुरय पंधरा-वीस मीटरवर गोल फिरतायत आणि चोच खाली वळलेली आहे, म्हणजे त्यांना मासळी दिसतेय पण ती अजून खोल आहे. इथे घाई करू नका, लांबून नजर ठेवा. थवा तीन-चार मीटरवर उतरला, जागच्या जागी पंख मारायला लागला की रॉड हातात घ्या. बुड्या पडायला लागल्या की वेळ फार थोडा असतो, कधीकधी दोन-तीन मिनिटंच.

आणि चोच समोर, उडणं सरळ, सगळे एका दिशेला? ते प्रवासाला निघालेत. त्यांच्यामागे जायचं नाही. संध्याकाळी असे थवे विसाव्याच्या खडकाकडे किंवा वाळूच्या पट्ट्याकडे निघतात. नवखे लोक हमखास त्यांचा पाठलाग करतात.

[पडद्यावर: ओंडक्यावर बसलेला गडद पाठीचा सुरय]

हा वेगळा, ब्रायडल्ड सुरय. पाठ गडद राखाडी-तपकिरी, कपाळावरची पांढरी पट्टी डोळ्याच्याही मागे गेलेली. अगदी याच्यासारखा दिसणारा सूटी सुरय असतो, पण त्याची पाठ जास्त काळी आणि पांढरं डोळ्यापाशीच थांबतं. ब्रायडल्डला तरंगत्या वस्तूंवर बसायची सवय आहे: ओंडका, थर्माकोल, तुटलेलं जाळं, कधी कासवाची पाठसुद्धा. भर समुद्रात एकटा सुरय ‘पाण्यावर बसलेला’ दिसला की त्याच्याखाली काहीतरी तरंगतंय. त्या वस्तूच्या सावलीत बारीक मासे जमतात आणि त्यांच्यामागे माही-माही हा मोठा शिकारी मासा येतो. तीस मीटरवरून कास्ट करा, म्हणजे रॉडने गळ लांब फेका, जवळ जाऊ नका. एक तर मासा बिथरतो, दुसरं म्हणजे ते जाळं निघालं तर बोटीच्या पंख्यात अडकतं.

हा सुरय वेंगुर्ल्यासमोरच्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर घरटी करतो, उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात. अंडी उघड्या कातळावर असतात. तिथे उतरून थवा उठवलात तर काही मिनिटांत अंडी-पिल्लं उन्हाने तापून मरतात. त्या दिवसांत बेटांवर पाय ठेवू नका, कितीही मोह झाला तरी.

पाण्याला जवळजवळ पंख टेकवत, ताठ पंखांनी तरंगत जाणारं चॉकलेटी पाखरू म्हणजे फ्लेश-फूटेड शिअरवॉटर. चोच फिकट गुलाबी, टोक काळपट. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्येकडच्या बेटांवर ते वाढतं आणि तिकडे हिवाळा असताना अरबी समुद्रात येतं. पाठ तपकिरी, पोट पांढरं असेल तर तो पर्शियन शिअरवॉटर. दोघंही कुप्प्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, मागे असतात. शांत पाण्यावर त्यांचा घोळका नुसता बसलेला दिसला तर निघून जाऊ नका. बरेचदा मासळी नुकतीच खाली गेलेली असते आणि ती परत वर येईल म्हणून ते थांबलेले असतात. पंधरा-वीस मिनिटं द्या, तोवर जिग (खाली बुडणारं धातूचं खोटं आमिष) सोडून बघा.

बूबी हे मोठं समुद्रपाखरू उंचावरून सूर मारतं, ते सुरय पकडतात त्याहून मोठ्या माशांसाठी. मात्र बूबी तुमच्याच बोटीच्या नाळेसमोर, म्हणजे पुढच्या टोकासमोर, उडत असेल तर त्याचा अर्थ फार नाही, बोटीमुळे उडणारे पाखरू-मासे त्याला आयते मिळतात.

आता फसवणारी मंडळी. ट्रॉलरच्या मागे पन्नास-शंभर कुरव (इंग्रजीत गल) कलकलाट करत असतात, ते फेकलेल्या मासळीसाठी. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेटकडून येतो आणि साधारण ऑक्टोबर ते एप्रिल इथे असतो. दुसरं, पाण्यावर पाय आपटत फिरणारं चिमणीएवढं काळं पाखरू, पाठीखाली पांढरा पट्टा. हे विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल, अंटार्क्टिकाहून आलेलं. ते प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, टिपतं, मोठ्या माशाशी त्याचा संबंध नाही. आणि पाण्यावर बसून भिंगरीसारखे फिरणारे लहानखुरे फॅलारोप: यांच्याखाली मासा असेलच असं नाही, पण ते जिथे ओळीने बसतात तिथे दोन प्रवाह भेटलेले असतात. फेस, काडीकचरा, पाण्याचा बदललेला रंग दिसेल. त्या रेषेला समांतर ट्रोलिंग करा, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत न्या.

थवा सापडला. आता चूक होते ती इथे: बोट सरळ मधोमध घातली जाते आणि मासळी खाली बसते. आधी थवा कुठे सरकतोय ते बघा. मग दीड-दोनशे मीटरचा वळसा घालून त्याच्या पुढे, वाऱ्याच्या वरच्या बाजूला जा. इंजिन न्यूट्रल करा आणि वाऱ्याने हळूहळू जवळ सरका. चाळीस-पन्नास मीटर अंतर उरलं की कास्ट करा, थव्याच्या मध्यात नाही, कडेला. ट्रोलिंग करत असाल तर सहा-सात नॉटवर असं वळण घ्या की ल्युअर (खोटी आमिषं) थव्याच्या कडेने जातील, बोट नाही.

सुरयाच्या चोचीतला मासाही बघा. बोटभर मांदेली उचलत असेल तर वीतभर पॉपर (पाण्यावर तरंगणारं खोटं आमिष) टाकून उपयोग नाही. तीस-चाळीस ग्रॅमची बारीक धातूची जिग लावा. तिचा आणखी एक फायदा आहे: ती लगेच बुडते. तरंगणाऱ्या ल्युअरवर पाखरं झडप घालतात. सुरय तुमच्या पॉपरकडे वळले की पॉपर काढा. ट्रेबल हुकऐवजी (तीन टोकांच्या गळाऐवजी) टोकामागचा उलटा काटा दाबलेला सिंगल हुक वापरा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

[पडद्यावर: टॉवेल, कटर, हातजाळं]

पाखरू गळाला लागलं तर तांगूस, म्हणजे गळाची दोरी, कापू नका. लोंबती दोरी घेऊन ते खडकात किंवा झाडात अडकतं आणि लटकून मरतं. हळूहळू ओढा, हातजाळ्यात घ्या. धरणाऱ्याने गॉगल घालावा, चोच डोळ्यावर येते. डोक्यावर टॉवेल टाका, पंख अंगाशी मिटवून धरा. बूबीची चोच बांधायची नाही, पूर्ण दाबूनही धरायची नाही. त्याला बाहेरच्या नाकपुड्या नसतात, तो तोंडानेच श्वास घेतो. चोचीच्या मध्ये एक बोट राहू द्या. गळ मागे ओढू नका. टोक पुढे ढकलून बाहेर काढा, काटा कटरने कापा, मग मागे सोडवा. पंखात, पायात दोरीचा तुकडा उरलाय का ते दोनदा बघा.

गळ गिळला असेल तर ओढायचा नाही. पाखरू भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही पाखरं संरक्षित आहेत, ती घरी ठेवता येत नाहीत.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, पण त्याच दिवसांत वादळाने थकलेले बूबी, सूटी सुरय किनाऱ्यावर पडलेले सापडतात. त्यांना उचलून पुन्हा लाटांत टाकू नका, ते बुडतात. पाणी पाजू नका, मासा कोंबू नका. कोरडं, अंधारं खोकं आणि १९२६.

बोटीवर सोडवलेलं पाखरूही भिजलेलं असेल तर तास-दोन तास खोक्यात वाळू द्या. मग वाऱ्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी पाण्याला टेकवून सोडा. हवेत फेकलं तर त्याला पंख पसरायला वेळच मिळत नाही.