जुन्या गाडीत काय बदलायचं आणि काय उघडून नीट करायचं

मंडळी, २०२३ च्या जानेवारीत आपल्या बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तुमच्यातले बरेच जण तिथे होते, आणि फोटो सगळ्यांनी काढले ते क्रोमचे. आज मी बॉनेटच्या खालचं बोलणार आहे, तेही ज्यांच्याकडे महाराजांची रोल्स नाही, वडिलांची फियाट किंवा आजोबांची मॉरिस आहे त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट, ह्या गाड्या बनवताना कंपन्यांनी धरूनच चाललं होतं की पार्ट कुणीतरी उघडणार. डायनामोचे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या जनरेटरचे, ब्रश झिजले की नवे टाकायचे, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) लेथवर हलकासा फिरवायचा, आर्मेचर (आतला फिरणारा तारांचा गाभा) जळलं तर रीवाइंड करायचं. आता काय झालंय की आपल्याला नव्या गाडीची सवय लागली, बिघडलं की काढा आणि नवीन टाका, आणि ह्या गाडीला तसं केलं की चांगला मूळ पार्ट भंगारात जातो आणि बाजारातला डुप्लिकेट बसतो, जो त्याहून लवकर मरतो. आपल्याकडे तर सयाजीराव महाराजांनी १८९० सालीच कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, हातातलं काम इथे नवीन नाही, आजही मकरपुरा जीआयडीसीत हिंडलात तर ब्रॉन्झचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) करून देणारा टर्नर भेटतो. फक्त त्याला झिजलेला बुश देऊन "असाच करा" म्हणू नका, तो बिचारा खरंच तसाच करून देईल, झिजीसकट! शाफ्टचं माप द्या.

दुसरं, निदान. गाडी मिसफायर करते, धक्के देते, की लगेच "कार्बोरेटर गेला". जुने मिस्त्री म्हणायचे की कार्बोरेटरचे निम्मे आजार इग्निशनमध्ये निघतात, आणि ते खरंय. डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या भागाचा, शाफ्ट हाताने आडवा हलवून बघा, खेळ लागला तर त्यातल्या पॉइंटचा (स्पार्कसाठी उघडझाप करणाऱ्या स्विचचा) गॅप प्रत्येक फेरीला बदलतोय, तुम्ही वर कितीही महागडा कार्बोरेटर लावा.

आता सगळ्यात जास्त विचारतात ते, डायनामो काढून नव्या गाड्यांतला अल्टरनेटर लावू का? का लावायचाय, तर काळा घोडा सर्कलला सिग्नलवर उभं राहिलं की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो. अहो तो मिणमिणणारच, डायनामो आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन हळू फिरताना, फारसा चार्ज देतच नाही, तो बिघाड नाहीये. लुकासचा सी-४० घ्या, पूर्ण फिरला तरी २२ अँपिअरच्या आसपास. हेडलाइट, हॉर्न, वायपर एवढ्याला पुरतो, तुम्हाला एसी लावायचाय का? तरी लावायचाच असेल तर आधी अर्थिंग बघा, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते, कारण बऱ्याच जुन्या इंग्लिश गाड्यांना बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. तसाच अल्टरनेटर जोडला की त्याचे डायोड क्षणात गेले. बॅटरी उलटी करायची, इग्निशन कॉइलच्या वायर उलट्या करायच्या (उलट्या नाही केल्या तरी स्पार्क येतो पण कमजोर, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही), अॅमीटरच्याही उलट्या, आणि अॅमीटर ३०-०-३० चा, म्हणजे दोन्ही बाजूंना ३० अँपिअरपर्यंतचाच असेल तर ४५ अँपिअरचा अल्टरनेटर त्याच्यातून फिरवू नका, डॅशबोर्डमागे धूर निघेल. आणि डायनामो तसाच ठेवून नुसती पोलॅरिटी बदलली तरी त्याला फ्लॅश करावं लागतं, म्हणजे एफ टर्मिनलची वायर काढून त्याला बॅटरीच्या लाइव्हचा (बॉडीला न जोडलेल्या टोकाचा) क्षणभर स्पर्श द्यायचा. हे विसरलं की तो उलटा चार्ज करतो आणि कटआउटचे (डायनामो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटतात.

मे महिन्यात इथे ४२ च्या वर पारा गेला की गाडीच्या पंपात पेट्रोलची वाफ धरते, पंपावर ओलं फडकं ठेवून गाडी चालवणारे सगळ्यांनी पाहिलेत. त्यावर इलेक्ट्रिक पंप हा चांगला उपाय आहे, पण मारुतीच्या इंजेक्शन गाडीचा पंप उचलून लावू नका, तो ४० पीएसआयच्या वर जातो आणि इंग्लिश गाड्यांच्या एसयू कार्बोरेटरला दोन-तीन पीएसआय बास. नाहीतर पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह उचलला जाऊन पेट्रोल गरम एग्झॉस्टवर. कमी प्रेशरचाच पंप घ्या आणि ऑइल प्रेशर स्विचमधून वायर घ्या म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद.

नटबोल्टच्या आट्यांचं थोडक्यात सांगतो, फियाटला मिलिमीटर, इंग्लिश गाडीला व्हिटवर्थ किंवा बीएसएफ किंवा युएनएफ ही इंची मापं, आणि व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या मापाचा नाही. बोल्ट दोन आटे हाताने गेला नाही तर तो तिथला नाही, पाना लावू नका.

ब्रेकमध्ये मात्र मूळ-बिळ काही नाही. रबर कप, होज, सगळं नवीन, आणि पेट्रोलचे पाइपही, इथेनॉलवालं पेट्रोल जुनं रबर खातं. ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल पडलं तर सगळे कप फुगतात, मग नुसतं फ्लश करून चालत नाही.

राहिलं इंजिन. अॅम्बेसेडरमध्ये मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्या खूप आहेत, चालतातही छान. पण २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची, नंबरात व्हीए घ्यायचं, २० हजार भरायचे, तर चासिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही. म्हणून इंजिन बदललंच असेल तर जुनं विकू नका, ग्रीस लावून, स्पार्क प्लगच्या भोकातून ऑइल सोडून पेटीत ठेवा, आणि महिन्यातून एकदा हाताने फिरवा.

क्लच-गिअरबॉक्स आज घेत नाही, वेळ नाही. प्रश्न विचारा, पण व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवून "हा कशाचा आवाज" विचारणाऱ्यांनी रविवारी गाडी घेऊनच या.