नव्वदांतले त्रेपन्न

श्रोतेहो,

२००८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन फुटबॉलमधील डेट्रॉइट लायन्स या संघाने, निकाल मोजला जात नाही असे हंगामपूर्व चारही सामने जिंकले आणि त्यानंतर सुरू झालेल्या खऱ्या हंगामात तोच संघ सोळाच्या सोळा सामने हरला. सोळा सामन्यांच्या हंगामात एकही विजय न मिळालेला तो पहिला संघ. नऊ वर्षांनी, २०१७ मध्ये, क्लीव्हलँड ब्राउन्सनी हाच पराक्रम तंतोतंत करून दाखवला : ऑगस्टमध्ये चार विजय, पुढे सोळा पराभव. तेव्हा ऑगस्टच्या धावफलकावरून संघाचे भविष्य वर्तवू नये, हे उघड आहे. तरीही दरवर्षी जुलैच्या उत्तरार्धापासून अमेरिकेतील वृत्तपत्रे आणि वाहिन्या या सामन्यांच्या व त्याआधीच्या सराव शिबिरांच्या बातम्यांनी ओसंडून वाहतात. या बातम्या वाचायच्या कशा, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : नामांकित खेळाडूंविषयीच्या या दिवसांतल्या बातम्या, दुखापती आणि करार सोडले तर, फारशा कामाच्या नसतात, अर्थ असतो तो यादीच्या तळाशी असलेल्या, आपल्याला नावेही ठाऊक नसलेल्या माणसांच्या बातम्यांना.

थोडे अंकगणित पाहू. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. प्रत्येक संघाला शिबिरात ९० खेळाडू ठेवता येतात आणि हंगामापूर्वी ती संख्या ५३ वर आणावी लागते. प्रत्येकी ३७ जण कमी करायचे, म्हणजे सगळीकडे मिळून जवळजवळ १२०० माणसे. पूर्वी ही कपात बहुधा टप्प्याटप्प्याने होत असे. २०२३ पासून ती एकाच वेळी होते. कमी केलेल्यांपैकी साधारण सोळा-सोळा जणांना संघ आपल्या सराव पथकात, म्हणजे सरावापुरत्या राखीव गटात, परत घेऊ शकतात, त्यामुळे सगळेच घरी जातात असे नाही. पण अनेकांचा व्यावसायिक फुटबॉलशी संबंध त्या दिवशी संपतो तो कायमचा.

आपल्याकडे अशा सामन्यांना कोणी रंगीत तालीम म्हणेल. मला तो शब्द पटत नाही, कारण रंगीत तालमीच्या वेळी पात्रनिवड केव्हाच झालेली असते. इथे पात्रनिवड पडदा वर गेल्यावर, प्रेक्षकांसमोर, तिकीट लावून चालते. आणि तिकीटही स्वस्त नसते : संपूर्ण हंगामाचे तिकीट घेणाऱ्या प्रेक्षकाच्या गळ्यात हे सामनेही मारले जातात, याबद्दलची कुरकूर जुनी आहे. १९७८ पूर्वी असे सहा सामने होत. त्या वर्षी हंगाम १४ वरून १६ सामन्यांचा झाला आणि हंगामपूर्व सामने चारवर आले. २०२१ मध्ये हंगाम १७ सामन्यांचा झाला तेव्हा ते तीनवर आले. मालकांच्या दृष्टीने हा हिशेब सोपा होता, कारण न मोजला जाणारा सामना कमी करून मोजला जाणारा एक वाढवला की दूरचित्रवाणीचा पैसा वाढतो. तळाच्या खेळाडूच्या दृष्टीने मात्र परीक्षेतला एक प्रश्न वगळला गेला, आणि तोही त्याला येत असलेला.

पिट्सबर्गला राहत असताना मी दोन उन्हाळे लॅट्रोबला गेलो होतो. शहरापासून पूर्वेला साठेक किलोमीटरवर बेनेडिक्टाइन साधूंचा सेंट व्हिन्सेंट नावाचा जुना मठ आहे; त्याच्या महाविद्यालयात पिट्सबर्ग स्टीलर्सचे शिबिर १९६० च्या दशकापासून भरत आले आहे. कोट्यवधी डॉलर कमावणारे खेळाडू तिथे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहतात, आणि प्रेक्षक मैदानाशेजारच्या हिरव्या उतारावर छत्र्या घेऊन बसतात. पहिल्या दिवशी मी सगळ्यांसारखाच प्रसिद्ध खेळाडू शोधत बसलो. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने मला सुचवले की पलीकडच्या कोपऱ्यात बघा. तिथे तिसऱ्या फळीचे खेळाडू आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे होते. शिबिरातल्या ९० जणांना क्रमांक पुरत नाहीत, म्हणून आक्रमणातल्या आणि बचावातल्या दोघांना एकच क्रमांक दिला जातो; त्या कोपऱ्यात असे जोडक्रमांकवाले बरेच होते. आपल्या अंगावरचा आकडासुद्धा पूर्णपणे आपला नाही, ही गोष्ट त्या मुलांना कशी वाटत असेल, असा विचार माझ्या मनात तेव्हा आला आणि अजूनही येतो. त्या गृहस्थाच्या मांडीवर वही होती. कोणत्या मुलाला दोन तासांत किती वेळा प्रत्यक्ष खेळायला मिळाले, याच्या खुणा तो करीत होता. ‘संधी मोजा, झेल मोजू नका,’ असे त्याचे म्हणणे होते. शिबिराच्या बातम्या वाचण्याची रीत मला तिथे समजली.

विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे या लहानशा गावात याहून लोभस दृश्य दिसते. तिथे पॅकर्सचे खेळाडू लँबो फील्ड या आपल्या स्टेडियमपासून सरावाच्या मैदानापर्यंत गावातल्या मुलांच्या सायकली मागून घेऊन जातात. दीडशे किलोचा गडी गुलाबी सायकलवर गुडघे हनुवटीला लावून चालला आहे आणि त्याचे शिरस्त्राण हातात धरून सायकलीची मालकीण शेजारून धावते आहे. असे गावोगावचे मुक्काम आता कमी झाले. कॅन्सस सिटी चीफ्स अजून सेंट जोसेफला आणि बफेलो बिल्स पिट्सफर्डला महाविद्यालयात जातात. पण बहुतेक संघ स्वतःच्या वातानुकूलित मुख्यालयातच राहणे पसंत करतात. मिनेसोटा वायकिंग्जनी २०१८ मध्ये मॅनकॅटो सोडले. तिथे ते पन्नासहून अधिक वर्षे जात होते.

मॅनकॅटोचे नाव निघाले की कोरी स्ट्रिंगरचे नाव घ्यावेच लागते. वायकिंग्जचा हा २७ वर्षांचा, सुमारे दीडशे किलो वजनाचा आघाडीचा खेळाडू ३१ जुलै २००१ च्या दमट उकाड्यात पूर्ण साज, म्हणजे शिरस्त्राण आणि संरक्षक गाद्या, चढवून सराव करताना उष्माघाताने कोसळला. रुग्णालयात त्याच्या शरीराचे तापमान १०८ अंश फॅरनहाइटच्या वर गेल्याचे आढळले आणि १ ऑगस्टच्या पहाटे तो गेला. त्या काळात शिबिर म्हणजे सहनशक्तीची परीक्षा, असे समजले जाई. याचे मूळ आणखी मागे होते. जुन्या पिढीतले खेळाडू हंगामाबाहेर विमा विकत, गुत्ते चालवत, कारखान्यांत राबत आणि सुटलेली पोटे घेऊन जुलैत शिबिराला येत. त्यांना पुन्हा खेळण्याजोगे करण्यासाठी दिवसातून दोनदा घाम काढणे प्रशिक्षकांना आवश्यक वाटे. खेळाडू बारमाही व्यावसायिक झाले, तरी ती रीत तशीच राहिली होती. स्ट्रिंगरच्या मृत्यूनंतर पाणी, सावली, वजनाची नोंद यांकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. २०१० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठात त्याच्या नावाची संस्था उभी राहिली. उष्माघात झालेल्याला आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करा आणि मगच रुग्णालयात हलवा, हे साधे तत्त्व ती शाळाशाळांच्या मैदानांपर्यंत पोहोचवते.

लीगबरोबरच्या २०११ च्या सामूहिक करारात खेळाडूंच्या संघटनेने दिवसातून दोनदा होणारे पूर्ण साजातले सराव बंद करून घेतले. २०२० च्या करारात अशा सरावांची शिबिरातली कमाल संख्या १६ ठरली आणि पहिले काही दिवस साजाशिवाय हळूहळू सवय करण्यासाठी राखले गेले. २०२२ पासून काही जागांवरच्या खेळाडूंना सरावात शिरस्त्राणावर मऊ आवरण घालणे सक्तीचे झाले. हे सगळे बदल योग्यच आहेत. परंतु त्यांची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. सराव कमी झाला तेव्हा ठरलेल्या खेळाडूंच्या पाळ्या फारशा कमी झाल्या नाहीत. कमी झाल्या त्या कोपऱ्यातल्या मुलांच्या. जिथे पूर्वी चुकून, दमल्यामुळे, कोणाचा पाय मुरगळल्यामुळे तिसऱ्या फळीतल्या मुलाला दुपारी दहा पाळ्या मिळत, तिथे आता दुपारच उरली नाही. संघटना सर्वांची असली तरी तिचे करार सभासदांच्या मतांनी मंजूर होतात, आणि ऑगस्टच्या अखेरीस घरी जाणाऱ्याचे मत तिथे जवळजवळ नसते.

आता प्रत्यक्ष सामन्यांविषयी. हंगामपूर्व सामन्यांत मुख्य खेळाडू अलीकडे नावापुरते उतरतात, काही ठिकाणी उतरतच नाहीत. त्यांची खरी कसोटी प्रशिक्षक दोन संघांच्या एकत्रित सरावात घेतात, कारण तिथे कोणी कोणाला धडक द्यायची हे आधी ठरवता येते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या सत्रात, प्रेक्षक उठून जाऊ लागतात त्या सुमारास, ज्यांच्यासाठी हा सामना आहे ते मैदानात येतात. त्यांचे प्रेक्षक वेगळेच असतात. स्वतःच्या प्रशिक्षकाइतकेच उरलेले ३१ संघ त्यांचे चित्रीकरण बारकाईने पाहत असतात, आणि इथे नाकारलेला मुलगा तिथे उपयोगी पडेल का, याच्या याद्या बनत असतात. २०१० मध्ये व्हिक्टर क्रूझ या नवख्याने, ज्याला नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) कोणत्याही संघाने निवडले नव्हते, न्यूयॉर्क जायंट्ससाठी जेट्सविरुद्ध अशाच सामन्यात तीन टचडाउन केले, म्हणजे चेंडू तीनदा प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपार नेला, आणि यादीत जागा मिळवली. पुढच्याच हंगामात त्याने झेलांच्या जोरावर १५०० यार्डांहून अधिक मजल मारली. पण अशी चमक अपवादाची. पाचव्या क्रमांकाच्या झेल घेणाऱ्याला बहुधा झेलामुळे नोकरी मिळत नाही. किक परतवणाऱ्याला अडवायला तो जिवावर उदार होऊन धावतो की नाही, यावर ती मिळते. बातमीत ‘विशेष पथकांत’, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या पथकांत, ‘छाप पाडली’ असे एखाद्या अनोळखी नावापुढे दिसले, तर ते वाक्य दोनदा वाचावे.

दुखापती आणि करार ही दोनच कारणे अशी, की ज्यांमुळे मोठ्या नावाची बातमी खरोखर मोठी होते. कराराबाबत एक गंमत सांगतो. पूर्वी नाराज खेळाडू शिबिराला येतच नसे. २०२० च्या करारानुसार गैरहजेरीचा दंड बहुतेक ज्येष्ठ खेळाडूंना दिवसाला ५०,००० डॉलर झाला आणि संघाला तो माफ करण्याची मुभा राहिली नाही. तेव्हापासून नाराज खेळाडू शिबिरात येतो, हजेरी लावतो आणि सराव मात्र करीत नाही; २०२५ मध्ये डॅलसच्या मायका पार्सन्सने संपूर्ण शिबिर असेच काढले आणि शेवटी त्याची ग्रीन बेला रवानगी झाली.

दुखापतीची गोष्ट मात्र गमतीची नाही. २८ ऑगस्ट १९९९ रोजी सेंट लुइस रॅम्सचा नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, ट्रेंट ग्रीन हंगामपूर्व सामन्यात गुडघा मोडून बसला, आणि प्रशिक्षक डिक व्हर्मील यांनी पत्रकारांसमोर पाणावलेल्या डोळ्यांनी सांगितले की आता आपण कर्ट वॉर्नरच्या पाठीशी उभे राहू. वॉर्नर हा १९९४ मध्ये ग्रीन बेच्या शिबिरातून कमी केलेला खेळाडू. त्यानंतर त्याने आयोवातील एका किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावण्याचे काम केले होते. त्या हंगामात त्याने ४१ टचडाउन पास दिले, रॅम्सनी सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना जिंकला आणि २०१७ मध्ये वॉर्नरचे नाव कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. ही कथा सांगताना सगळे वॉर्नरच्या जिद्दीवर थांबतात. मी तिच्याकडे निवडयंत्रणेच्या दोषाचा पुरावा म्हणून पाहतो : ग्रीन बेच्या शिबिरात त्याच्या वाट्याला पाळ्याच इतक्या थोड्या आल्या, की त्याला पारखले असे म्हणणेही कठीण आहे.

शेवटी कपातीचा तो मंगळवार. आपण ज्याला नारळ देणे म्हणतो, त्यासाठी अमेरिकन शिबिरांत एक खास माणूस असतो. खेळाडू त्याला ‘टर्क’ म्हणतात. तो दाराशी येऊन एवढेच सांगतो की प्रशिक्षकांनी बोलावले आहे, डावपेचांची वही बरोबर घे. आता वहीच्या जागी टॅब्लेट आला आहे, वाक्य तेच आहे. पूर्वेकडील वेळेनुसार दुपारी चार ही मुदत. भारतात तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो.

या निवडीत गुणांइतकाच पैशाचा हिशेब असतो. प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे, आणि ती सांभाळणारी माणसे पडद्याआड असतात. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्समध्ये हे काम वर्षानुवर्षे पराग मराठे यांनी केले. आडनाव ऐकून आपल्या सभागृहात हलचल होणार, हे मला ठाऊक होतेच. २०२२ मध्ये याच संघापुढे तिसरा क्वार्टरबॅक कोण, असा प्रश्न होता. एकीकडे २० लाख डॉलरची हमी मिळालेला अनुभवी खेळाडू, दुसरीकडे त्या वर्षीच्या निवडीत २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा निवडला गेलेला ब्रॉक पर्डी. संघाने हमीचे पैसे सोडले आणि पर्डीला ठेवले. ऑगस्टमध्ये ती चार ओळींची बातमी होती. डिसेंबरपर्यंत पुढचे दोघे जखमी झाले, पर्डी मैदानात उतरला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सुपर बोल खेळला.

मुदत संपल्यावर चार हंगामांहून कमी अनुभव असलेल्या प्रत्येक खेळाडूचे नाव सर्व संघांसमोर ठेवले जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत कोणीही त्याच्यावर हक्क सांगू शकतो. गेल्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिला मान असतो. या वीस तासांत बाराशे जणांच्या हातात फोन असतो. कोणी वसतिगृहाच्या खोलीत सामान भरत असतो, कोणी विमानतळावर बसलेला असतो, आणि बारा वाजून गेल्यावर ज्यांचा फोन वाजलेला नसतो ते सराव पथकाच्या फोनची वाट पाहू लागतात.