तीन लाख टोपणनावं

(दृश्य : जुनं बातमीचित्रण. ऑफिसच्या दारात खोकी उतरतायत.)

३ मे २०००. कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ. खोक्यांमध्ये कागद आहेत आणि कागदांवर टोपणनावं : ३ लाख ३५ हजार ४३५. मेटॅलिका या बँडची गाणी इंटरनेटवर फुकट वाटणाऱ्यांची ही यादी. ती घेऊन खुद्द ड्रमर लार्स उलरिक आलाय.

हे ऑफिस नॅप्स्टरचं; लोकांना एकमेकांच्या कॉम्प्युटरवरची गाणी फुकट उतरवून घेऊ देणाऱ्या इंटरनेट सेवेचं. शॉन फॅनिंग या कॉलेजातल्या पोरानं १९९९ मध्ये सुरू केलेलं. नॅप्स्टरकडे गाणी नव्हतीच! गाणी लोकांच्या कॉम्प्युटरवर. कोणाकडे काय आहे, याची सूची तेवढी नॅप्स्टरकडे.

गंमत बघा. याच मेटॅलिकाचा सुरुवातीचा डेमो चाहत्यांनीच कॅसेटवर उतरवून गावोगाव पोचवला होता. पण कॅसेटवरून कॅसेट उतरवली, की दर कॉपीला आवाज खालावत जातो. एमपीथ्रीची हजारावी कॉपी पहिलीइतकीच खणखणीत.

(दृश्य : कोर्टाची इमारत.)

जुलै २००१ मध्ये कोर्टाच्या आदेशापुढे नॅप्स्टर बंद पडलं. सूची एका जागी होती, म्हणून ते जमलं. मागून आलेल्या काझा आणि लाइमवायर या तशाच सेवांनी मधली सूचीच ठेवली नाही. आता कुलूप लावायचं कुठे?

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग उद्योगाची उलाढाल १४.६ अब्ज डॉलर होती. २०१४ मध्ये ती ७ अब्जांच्या आसपास उरली. सगळा दोष चोरीचा? मला तसं वाटत नाही. एक गाणं आवडलं, तरी पंधरा-सोळा डॉलरची अख्खी सीडी गळ्यात मारायची, ही सवय कंपन्यांचीच. ९९ सेंटला सुटं गाणं विकायला ॲपलचं ऑनलाइन दुकान उघडलं ते थेट एप्रिल २००३ मध्ये. टॉवर रेकॉर्ड्स या सीडी विकणाऱ्या साखळीची अमेरिकेतली दुकानं २००६ अखेर बंद झाली; त्यात कर्जाचा आणि सुपरमार्केटातल्या स्वस्त सीडींचाही हात होता.

(दृश्य : एसटी स्टँड. मोबाईलचं दुकान.)

आपल्याकडे घरोघरी इंटरनेट पोचायच्या आधी ही चोरी अशा दुकानांत पोचली. दहा-वीस रुपये द्यायचे, मेमरी कार्ड काढून द्यायचं. ‘‘दादा, नवीन मराठी टाका. आणि आईसाठी थोडे अभंग.’’ चहा होईस्तोवर दोनशे गाणी भरून तयार. गायकाला, तबलजीला, गीतकाराला त्यातला एक पैसाही नाही. आणि गाणं लावलं, की स्क्रीनवर गायकाच्या नावाच्या जागी झळकायचा कुठल्यातरी वेबसाइटचा पत्ता.