लोकांच्या दानातून थाटमाट कशाला?

नमस्कार मंडळी. आज जे बोलणारे ते ऐकून माझ्या ओळखीतल्या काही जणांना राग येईल, पण बोलायला तर हवंच. सेवाभावी संस्था, ट्रस्ट, चळवळी यांनी मोठे झगमगाटी कार्यक्रम करावेत का? एसी हॉल, एलईडी वॉल, ड्रोन शूटिंग, गावभर फ्लेक्स, प्रमुख पाहुण्यांना विमानाचं तिकीट आणि चांगलं हॉटेल, स्टेजवर वीस खुर्च्या आणि प्रत्येकाला शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, बुके. लोकांनी मुलांच्या शिक्षणासाठी नाहीतर पेशंटच्या औषधासाठी म्हणून दिलेल्या पैशातून हे सगळं करावं का?

मला विचाराल तर नाही. कार्यक्रम जरूर करा, माणसं एकत्र यायलाच पाहिजेत, पण थाट नको, आणि जे काही केलं त्याचा खर्च लपवायचा नाही.

आपल्याकडे हे शिकवणारा माणूस होऊन गेलाय हो. गाडगेबाबा. गावात आले की आधी झाडू घ्यायचे, दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तन. हजारो माणसं जमायची, म्हणजे आजच्या भाषेत इव्हेंटच की तो, पण त्यात बाबांचा खर्च कसला, हातात काठी, गाडगं आणि अंगावर चिंध्या. कर्ज काढून लग्नं करू नका, तेराव्याला गावजेवणं घालू नका हे ते कळवळून सांगायचे. आणि याच माणसाने लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, अंध-अपंगांसाठी अन्नछत्रं चालवली. म्हणजे बाबा खर्चाच्या विरोधात नव्हतेच, लाखांचं काम केलं त्यांनी, फक्त पंगतीला कोण बसणार हे त्यांचं पक्कं ठरलेलं असायचं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला शिक्षणासाठी देऊन टाकली. त्यांचं स्वतःचं कुटुंब मात्र झोपडीत राहिलं.

कर्मवीर भाऊराव पाटलांचंही तसंच. साताऱ्याच्या बोर्डिंगातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, घराघरातून मूठमूठ धान्य गोळा करायचा मुष्टीफंड होता. अशा मुठीतून उभ्या राहिलेल्या कामाचा वर्धापनदिन फाईव्ह स्टारमध्ये करायचा म्हटलं तर कसं वाटेल, तुम्हीच सांगा.

आता जरा हिशेबाचं बोलते, कारण खरी गोम तिथे आहे. मी काही वर्षं छोट्या संस्थांची हिशेबाची कामं बघितलीयेत. आपल्या राज्यात ट्रस्टला दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो, त्यात ट्रस्टच्या उद्देशांवरचा खर्च लिहायला कॉलम असतात, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना मदत, आणि शेवटी एक 'इतर धर्मादाय उद्देश'. कार्यक्रमाचा मांडव, साऊंड, जेवणं, निवेदकाचं मानधन हे सगळं 'जनजागृती' म्हणून त्या शेवटच्या कॉलममध्ये बसवता येतं. तिकडे परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 साली बदल करून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. त्यामुळे होतं काय की वाडीवस्तीवर फिरणाऱ्या कार्यकर्तीचा पगार प्रशासकीय खर्चात धरला गेला तर मर्यादा ओलांडेल म्हणून संस्था घाबरतात, तिला आठ-दहा हजारांवर राबवतात, आणि सोहळ्याचा खर्च मात्र 'उपक्रम' म्हणून सहज निघून जातो. मला याचा खरंच त्रास होतो. संस्था चालते ती त्या बाईच्या पायांवर, आणि कार्यक्रमाच्या दिवशी ती मागे चहाचे कप मोजत असते.

आणि गर्दी हेच यश धरलं की काय होतं ते आपण खारघरला बघितलं. 16 एप्रिल 2023, अप्पासाहेब धर्माधिकारींना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सोहळा. कार्यक्रम सरकारी होता, पण मैदानात बसलेले लाखो लोक श्रीसदस्य, म्हणजे अप्पासाहेबांचे अनुयायी, झाडं लावणारे, गावं साफ करणारे, स्वतःच्या मनाने सेवा करणारे. मान्यवरांच्या डोक्यावर छप्पर होतं आणि लोक भर उन्हात, तासन् तास. उष्माघाताने 14 जण गेले. पुरस्काराची रक्कम मुख्यमंत्री सहायता निधीला दिली गेली, त्यानंतर सरकारने दुपारी 12 ते 5 उघड्यावर कार्यक्रम नको असंही जाहीर केलं, पण गेलेली माणसं गेलीच ना. एवढी मोठी गर्दी एप्रिलच्या उन्हात कशासाठी हवी होती? ज्याचा सत्कार होता त्याला हॉलमध्ये पुरस्कार देता आला नसता का? मला आजही याचं उत्तर मिळालेलं नाही.

यावर संस्थावाले म्हणतात, ताई, मोठा कार्यक्रम केल्याशिवाय देणगीदार येत नाहीत, पेपरात बातमी येत नाही, नवीन पोरं जोडली जात नाहीत. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण मोठं आणि खर्चिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी घ्या, मे महिन्यातलं तिथलं ऊन, देशभरातून पोरं येतात, सकाळी कुदळ-फावडं हातात आणि दुपारनंतर भाषणं, गाणी, चर्चा. कितीतरी कार्यकर्ते तिथून घडले. किंवा पानी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे पाणी अडवायच्या कामाची गावागावांतली स्पर्धा, 2016 ला वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांपासून सुरू झाला, सिनेमातले स्टार होते, टीव्ही होता, बक्षीस समारंभ पण मोठा व्हायचा. त्यावर माझे काही आक्षेप आहेतच, पण एक मान्य करावं लागेल की आधी दीड महिना गावाने बांध घातले, चर खणले, आणि 1 मेच्या महाश्रमदानाला शहरातली माणसं सुद्धा पाहुणी म्हणून खुर्चीत बसायला गेली नाहीत, घमेली उचलायला गेली. कार्यक्रम संपल्यावर जमिनीत काहीतरी उरलं.

म्हणून माझी संस्थांना हात जोडून विनंती आहे. आभारप्रदर्शनाच्या वेळी माईकवरून सांगा की आजच्या कार्यक्रमाला इतका खर्च आला आणि तो अमुक ठिकाणाहून आला. कुणी स्पॉन्सर केला असेल तर तसं सांगा, देणगीतून केला असेल तर तेही सांगा. जो आकडा मोठ्याने सांगता येणार नाही तेवढा खर्च करू नका. पुढच्या दोन खुर्च्या तुमच्या फिल्डवरच्या कार्यकर्त्यांना आणि ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांना द्या. आणि श्रोतेहो, तुम्ही पाचशे रुपये दिले असतील तरी तुम्हाला विचारायचा हक्क आहे, लाजू नका, संस्थेकडे वार्षिक अहवाल मागा, नाही दिला तर ट्रस्टने भरलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज करून बघता येतात. नमस्कार.