काम झालं, पैसे कधी?

(फ्रीलान्स काम करणाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'फ्रीलान्स करिअर उभारताना येणाऱ्या अडचणी'. अडचणी म्हटलं की बहुतेक जण 'कामं कशी मिळवायची' इथून सुरुवात करतात. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला केलेल्या कामाच्या पैशांबद्दल बोलायचंय. बाकीच्या अडचणींकडेही येईन, पण आधी हे. ज्यांचं एक तरी बिल आज, या घडीला थकलेलं आहे त्यांनी जरा हात वर करा. आता मागे वळून बघा. प्रत्येकाला वाटत असतं, हे आपल्याच वाट्याला आलंय.

माझं म्हणणं असं. काम पोचतं केलं त्या दिवसापासून पैसे खात्यात पडेपर्यंत आपण समोरच्या कंपनीला कर्ज दिलेलं असतं. बिनव्याजी आणि बिनतारण. त्याच कंपनीने बँकेकडे तेवढीच रक्कम मागितली तर बँक ताळेबंद मागेल, तारण मागेल, सह्या घेईल, वर व्याज लावेल. आपण 'ठीक आहे, करते सुरुवात' एवढ्या एका मेलवर कर्ज देऊन मोकळे होतो. कमी दरात काम घेणं, नको असलेल्या कामाला नाही म्हणता न येणं, नवीन काही शिकायला सवड न मिळणं, या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी गेलात तर तिथे बहुतेक वेळा अडकलेले पैसे सापडतात.

माझ्याच एका बिलाची हकिकत सांगते. कंपनीचं नाव सांगत नाही. मी तांत्रिक भाषांतरं करते. एका यंत्राची वापरपुस्तिका होती, जाडजूड, आकृत्या, तक्ते, इशाऱ्यांच्या चौकटी, सगळं असलेली. मुदतीत दिली. तिथल्या व्यवस्थापकांनी तोंड भरून कौतुक केलं. मी बिल पाठवलं. उत्तर आलं, बिलावर परचेस ऑर्डरचा, म्हणजे कंपनीच्या लेखी खरेदी-आदेशाचा, नंबर नाही. बरोबर होतं, कारण परचेस ऑर्डर निघालीच नव्हती. ती निघायला आधी व्हेंडर, म्हणजे पुरवठादार, म्हणून नोंदणी हवी. नोंदणीचा फॉर्म आला. त्यात विचारलं होतं, एकूण कर्मचारी किती? मी लिहिलं, १. सुरक्षा अधिकाऱ्याचं नाव? माझं. तक्रार निवारण अधिकारी? पुन्हा माझंच. हसू नका, एकही रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नव्हता.

नोंदणी झाली, ऑर्डर निघाली. आता नीट ऐका, कारण खरी मेख इथे आहे. ऑर्डरची तारीख माझ्या बिलाच्या नंतरची होती. ऑर्डरच्या आधीच्या तारखेचं बिल त्यांच्या सिस्टीममध्ये चढत नाही. म्हणून मला सांगितलं, 'मॅडम, जुनं बिल रद्द करा, नव्या तारखेचं पाठवा.' पाठवलं. पैसे देण्याची मुदत होती ६० दिवस, आणि ते ६० दिवस मोजायचे बिलाच्या तारखेपासून. मधे गेलेले सगळे आठवडे हिशेबातून पुसले गेले. कागदावर माझं बिल अजिबात थकलेलं नव्हतं! त्यांच्या थकबाकीच्या यादीत मी नव्हतेच, मग आठवण तरी कुणाला होणार?

पुढे कौतुक करणारे व्यवस्थापक दुसऱ्या विभागात गेले. नवे आले ते अतिशय सभ्य गृहस्थ. म्हणाले, 'मला या कामाची काही कल्पना नाही, कागदपत्रं पाठवता का?' पाठवली. त्यांनी बिल मंजूर केलं ते नेमकं त्या पंधरवड्याची पेमेंटची यादी बंद झाल्यावर. आणि या सगळ्या काळात माझी पुस्तिका छापून, यंत्राबरोबर खोक्यात बसून गिऱ्हाइकांच्या हातात पडत होती.

मी त्या माणसांना दोष देत नाही. एकानेही मला खोटं सांगितलं नाही, कुणी फोन टाळला नाही. तरीही पैसे येत नव्हते, कारण उशिराची झळ त्या इमारतीतल्या कुणालाच लागत नव्हती. व्यवस्थापकाला त्याची पुस्तिका मिळालेली होती. हिशेब विभागाच्या दृष्टीने सगळं नियमात होतं. झळ एकटी माझी. चूक एकाची असती तर बोट दाखवता आलं असतं. इथे प्रत्येक जण आपापलं काम बरोबर करत होता, आणि त्या सगळ्यांच्या बरोबरपणाची किंमत मी भरत होते. मला अजूनही याचा राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं.

मग सुटलं कसं? यंत्रात बदल झाला. सुधारित पुस्तिका तातडीने हवी होती. फोन आला. मी म्हटलं, 'आनंदाने करते, आधीच्या बिलाचे पैसे आले की त्याच दिवशी सुरू करते.' त्याच आठवड्यात पैसे जमा! पंधरवड्याची यादी, ६० दिवस, सगळं बाजूला ठेवून खास पेमेंट निघालं. म्हणजे अपवादाची सोय तिथे पहिल्यापासून होती, फक्त ती वापरण्याची गरज कुणाला पडली नव्हती. आपलं वजन असतं ते काम हातात असेपर्यंत. फाइल पाठवली की ते संपतं.

हा प्रश्न कायदेमंडळांपर्यंतही पोचलेला आहे. न्यूयॉर्क शहरात १५ मे २०१७ पासून 'फ्रीलान्स इजन्ट फ्री' हा कायदा लागू आहे. काम ८०० डॉलर किंवा त्याहून मोठं असेल तर लेखी करार सक्तीचा, करारात तारीख नसेल तर काम पुरं झाल्यापासून ३० दिवसांत पैसे, आणि बुडवले तर दुप्पट भरपाई मागता येते. ब्रिटनमध्ये १९९८ च्या कायद्याने उशिरा दिलेल्या पैशांवर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दराच्या वर ८ टक्के व्याज मागता येतं. युरोपीय संघाचा २०११ चा निर्देश आहे, त्यात सरकारी खात्यांना सर्वसाधारणपणे ३० दिवस आणि कंपन्यांना ६०. भारतात २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा आहे. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही, आणि गेलात तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. पण त्यासाठी आपली सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी हवी, आणि ती आधीपासून हवी. भांडण झाल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

तुम्ही म्हणाल, व्याज मागितलं तर पुढचं काम जाईल. ती भीती खरी आहे. म्हणून मी कोर्टात जा असं सांगत नाहीये. बिलाच्या तळाशी एक ओळ छापा, उशीर झाल्यास अमुक कायद्यानुसार व्याज लागू. ही ओळ व्यवस्थापक वाचत नाही, पण हिशेब विभागातला माणूस वाचतो. पैशांची यादी करणारा तोच असतो.

थोडं विषयांतर करते, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोझार्टने १७८१ साली साल्झबर्गच्या आर्चबिशपची चाकरी सोडली आणि व्हिएन्नात स्वतंत्रपणे काम सुरू केलं. शिकवण्या, वर्गणीच्या मैफली, मागणीनुसार रचना, म्हणजे आपण करतो तेच. १७८७ मध्ये त्याने दरबारी पद घेतलं, वर्षाला ८०० गल्डनवर, दरबारच्या नाचांसाठी संगीत लिहून देण्याचं. एवढ्या प्रतिभेच्या माणसालाही दरसाल ठरलेली एक रक्कम हवी होती. ती पुरली नाही. पुढच्याच वर्षापासून पुखबेर्ग नावाच्या व्यापारी मित्राकडे उसने पैसे मागणारी त्याची पत्रं सुरू होतात. ती पत्रं वाचवत नाहीत हो. प्रतिभा असली की पैसा आपोआप येतो असं तुम्हाला कुणी सांगितलं तर ही पत्रं आठवा.

आता एक अभ्यास सांगते. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला. संशोधकांनी तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांना विचारक्षमतेच्या चाचण्या दिल्या. एकदा हंगामाआधी, हातात पैसा नसताना, आणि पुन्हा हंगामानंतर, पैसा आल्यावर. माणसं तीच. पैसे येण्याआधी त्यांची कामगिरी लक्षणीयरीत्या खालावलेली होती. आपल्या बाबतीत पाहा, बिल थकलेलं असताना आपण जे निर्णय घेतो, पडेल दरात काम घेतो, 'चालेल, करून देते' म्हणतो, त्यात ही गोष्ट आलीच. म्हणून थकलेलं बिल पुढचं कामही बिघडवतं.

संयोजकांची चिठ्ठी आली, वेळ होत आलाय. पत्रिकेतला विषय अजून बराचसा शिल्लक आहे, तेव्हा भराभर सांगते.

दर. पगाराला कामाच्या तासांनी भागून दर काढू नका. कोटेशन, मेल, वसुली, शिकणं, आजारपण, कोरडे महिने, या तासांचे पैसे कुणी देत नाही. तुमचे निम्मेच तास विकले जात असतील तर दर दुप्पट हवा. साधा हिशेब आहे, पण लोक तो करायला घाबरतात. आणि यंत्राने केलेलं भाषांतर, यंत्राने लिहिलेला मजकूर 'नुसता नजरेखालून घाला' असं सांगून आलं तर शब्दावर दर लावू नका, तासावर लावा. खराब मसुदा दुरुस्त करायला कधी कधी नव्याने लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

प्लॅटफॉर्म, म्हणजे फ्रीलान्स कामं मिळवून देणारी संकेतस्थळं. सुरुवातीला जरूर जा, अनोळखी गिऱ्हाईक तिथे भेटतं आणि गिऱ्हाइकाने पैसे आधीच तिथे जमा करून ठेवण्याची सोयही असते. पण नियम त्यांचे. ईलान्स आणि ओडेस्क एकत्र आले, २०१५ मध्ये त्यांचं अपवर्क झालं. तिथे एकेकाळी एका गिऱ्हाइकाकडून पहिल्या ५०० डॉलरपर्यंत २० टक्के कापत आणि त्याच गिऱ्हाइकाकडची एकूण कमाई वाढत गेली की ५ पर्यंत उतरत. २०२३ मध्ये सरसकट १० केले. म्हणजे वर्षानुवर्षं एकाच गिऱ्हाइकाबरोबर टिकलेल्यांची कपात वाढली, आणि त्यांना कुणी विचारलं नाही. शिवाय तिथे गिऱ्हाइकांनी कामाला दिलेले तारे दुसरीकडे नेता येत नाहीत. म्हणून कामाचे नमुने आणि शिफारशी स्वतःकडे जपा.

एकच गिऱ्हाईक. निम्म्याहून जास्त उत्पन्न एकाच ठिकाणाहून येत असेल तर ती नोकरीच आहे, फक्त रजा आणि भविष्य निर्वाह निधी नसलेली. चांगलं चाललेलं असतानाच दुसरं शोधा.

एकटेपणावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं. तूर्त एवढंच सांगते, आपल्याच क्षेत्रातल्या चार जणांशी दराबद्दल उघड बोला. कुठली कंपनी वेळेवर पैसे देते हे आपल्याला एकमेकांकडूनच कळतं.

आणि करार. तीन वाक्यं लिहून घ्याच. पहिलं, ठरावीक रक्कम आगाऊ, ती आल्यावर काम सुरू. दुसरं, मोठं काम टप्प्यांत, एका टप्प्याचे पैसे आल्यावर पुढचा टप्पा. तिसरं, पूर्ण पैसे मिळाल्यावरच कामाचे हक्क हस्तांतरित होतील. हे तिसरं लोक गाळतात. ते असतं तर माझी पुस्तिका खोक्यात घालण्याआधी त्यांच्या कायदा विभागाने हिशेब विभागाला फोन केला असता. परचेस ऑर्डर आणि व्हेंडर नोंदणी आधी विचारा, पहिल्याच मेलमध्ये, दर सांगायच्याही आधी.

या तीन वाक्यांचा मसुदा छापून आणलाय, दारापाशी ठेवलाय. तुमच्या कामाप्रमाणे बदलून घ्या. आता प्रश्न. मघाशी हात वर केला होता त्यांना आधी बोलू दे.