इटलीचे नौसैनिक 'निर्दोष' सुटले? थांबा, हद्द समजून घेऊ

नमस्कार मंडळी! कुलभूषण जाधवांवरच्या व्हिडिओखाली एक प्रश्न सारखा येतोय: "मग केरळच्या मच्छीमारांना मारणारे इटालियन निर्दोष कसे सुटले?" आधी तो 'निर्दोष' शब्द खोडा.

घटना माहीतच आहे. १५ फेब्रुवारी २०१२. 'एनरिका लेक्सी' या तेलवाहू जहाजावरच्या दोन नौसैनिकांवर आरोप असा, की चाचे समजून त्यांनी 'सेंट अँटनी' बोटीवर गोळ्या झाडल्या. दोन मच्छीमार गेले. इटली म्हणाली, जहाजावर झेंडा आमचा, माणसं आमच्या सरकारी नोकरीतली, भारतीय कोर्टाचा संबंध काय? आपला राजदूत काही काळ माघारी बोलावला. २०१३ साली मतदानासाठी इटलीला जाऊ दिलेले नौसैनिक परत पाठवणार नाही म्हणाले, तेव्हा सुप्रीम कोर्टाने इटलीच्या राजदूतालाच देश सोडायला बंदी घातली. नौसैनिक आले.

आता खरी मेख. गोळीबार किनाऱ्यापासून साधारण साडेवीस सागरी मैलांवर झाला, आणि आपला प्रादेशिक समुद्र १२ मैलांवर संपतो. म्हणून आपल्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं: केरळला अधिकार नाही, केंद्राने विशेष न्यायालय नेमावं. यात कुणी निर्दोष ठरलं? नाही. खटला कोणी चालवायचा, एवढंच ठरलं.

माझा मोबाइल लोकलमध्ये चोरीला गेला, तेव्हा पोलीस चौकीत ऐकवलं, "आमच्या हद्दीत येत नाही, पुढच्या स्टेशनला जा." राग आला होता. पण चोरी झालीच नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं.

२०२० चा आंतरराष्ट्रीय लवादाचा निवाडाही तसाच वाचा. नौसैनिक सरकारी कामावर होते, म्हणून भारताने त्यांच्यावर खटला चालवू नये. पण त्याच निवाड्यात इटलीने भरपाई द्यावी असंही आहे. काहीच चुकलं नसतं, तर भरपाई कशाची?

एकाने लिहिलंय, "१० कोटींत सौदा झाला." दादा, असं नका लिहू. दोन्ही कुटुंबांना चार-चार कोटी आणि बोटमालकाला दोन, हे त्या निवाड्यानुसारच दोन्ही देशांनी ठरवलं. ते मान्य करूनच जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने इथली कारवाई बंद केली.

मला सलतं ते वेगळंच. "खटला आम्हीच चालवू" म्हणत इटली इतकी वर्षं भांडली, आणि जानेवारी २०२२ मध्ये रोमच्या न्यायाधीशांनी पुरावा अपुरा म्हणून प्रकरण बंद केलं. गोळ्या का झाडल्या, याची साक्षी-पुराव्यानिशी पूर्ण सुनावणी त्या दोन घरांना ना केरळच्या कोल्लमला मिळाली, ना दिल्लीला, ना रोमला.