रील साठ हजारांचं, पाणी खाडीचं

[दृश्य : पहाट. नेरूळची सारसोळे जेट्टी. सुकतीचं पाणी, कडेला तिवरं.]

सुकती लागली की जेट्टीवर हालचाल सुरू होते. तिवरांत शिरलेलं पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर बोय आणि कोळंबी निघते, आणि त्यांच्यावर टपलेला जिताडा ओघळाच्या तोंडाशी येऊन थांबतो. एका रॉडला अडीच हजारांचं स्पिनिंग रील, म्हणजे हँडल फिरवून दोरी गुंडाळायचं यंत्र, आहे. शेजारच्याला शिमानो कंपनीचं स्टेला, किंमत साठ हजारांच्या पुढे. दहा पावलांवरून दोन्ही सारखीच दिसतात. पलीकडे बाटलीला तंगूस गुंडाळून बसलेल्याला महाग रील घ्यावं की स्वस्त, या वादाशी काही देणंघेणं नाही. जिताडा त्यालाही लागतो.

[दृश्य : टेबलावर दोन्ही रीलं. हँडल फिरतंय.]

दुकानात हँडल फिरवून पाहिलं की महागडं रील लोण्यासारखं फिरतं आणि गिऱ्हाईक तिथंच विरघळतं. पण दुकानात दोरीला ओढ नसते. खरी परीक्षा माशाचं वजन आल्यावर होते. हँडलचा मुख्य गिअर पिनियनला, म्हणजे लहान गिअरला, फिरवतो आणि पिनियन रोटरला, म्हणजे दोरीच्या स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाला. स्वस्त रीलात हा मुख्य गिअर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला असतो, आणि बॉडी प्लॅस्टिकची. ओढ आली की बॉडी किंचित वाकते, दात एकमेकांवर तिरके बसतात, हँडल जड होतं. असं वारंवार झालं की दात झिजतात आणि एरवीही कुरकुर ऐकू येऊ लागते. स्टेलाचा गिअर अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, न वितळवता दाबाखाली घडवलेला. धातूची बॉडी वाकत नाही, म्हणून दात जागेवर राहतात. जास्तीचे पैसे मुख्यतः इथं जातात, आणि हा फरक खरा आहे.

आता खाडीत ओढ किती येते ते पाहू. 20 पौंडांची ब्रेडेड लाइन, तंतू विणून केलेली दोरी, म्हणजे साधारण 9 किलोंची ताकद. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी आवरत सोडणारा चकत्यांचा ब्रेक, तिच्या पाव ते एक तृतीयांश लावतात, म्हणजे सव्वादोन ते तीन किलो. सामान तोलायचा काटा दोरीला अडकवून एकदा मोजून घ्यावं. अंदाजाने लावलेला ड्रॅग बहुतेकांचा चुकतो. खोक्यावर छापलेले दहा-बारा किलो इथं कामाचे नाहीत. तेवढ्या ओढीला आधी गाठ सुटेल, नाहीतर रॉड जाईल.

ड्रॅग सुटतो कसा, हे जास्त महत्त्वाचं. लागलेला जिताडा पहिल्या झटक्यातच खांबाकडे किंवा मुळांकडे धावतो. फेल्टच्या चकत्या कोरड्या पडल्या असतील तर त्या आधी चिकटून बसतात, मग एकदम सुटतात, आणि त्या धक्क्यात लीडर, म्हणजे गळाजवळचा दोरीचा तुकडा, तुटतो. कार्बनच्या चकत्यांवर ड्रॅग ग्रीसचा पातळ हात असला की सुरुवात सलग होते. अशा चकत्या मधल्या किमतीच्या बऱ्याच रीलांत मिळतात. आणखी एक : दोरी निघून स्पूलवरचा घेर कमी झाला की तोच ड्रॅग दोरीला जड लागतो. घेर निम्मा झाला तर ओढ दुप्पट. मासा लांब गेल्यावर ड्रॅग आवळणारे इथंच फसतात.

[दृश्य : अगदी जवळून. लाइन रोलर. स्क्रू सुटतोय.]

खाडीत रील मरायला सुरुवात होते ती इथून. गुंडाळली जाणारी सगळी दोरी या रोलरवरून काटकोनात वळते. ओली ब्रेडेड लाइन खारं पाणी आणि गाळ थेट इथं आणून पिळते. आतलं बेअरिंग हरभऱ्याएवढं. मीठ सुकून ते जाम झालं की रोलर फिरायचा थांबतो, दोरी एकाच जागी घासते, तंतू सुटतात, पीळ पडतो. गाठींचं खापर मात्र दोरीवर फुटतं. स्वस्त रीलांत इथं कधी कधी बेअरिंगच नसतं, नुसती बुशिंग, म्हणजे साधी कडी, असते. खोक्यावर बेअरिंगांचा आकडा वाचण्याआधी या जागी काय आहे ते विचारावं.

त्यानंतर नंबर क्लचचा, म्हणजे हँडल उलटं फिरू न देणाऱ्या एकदिशा बेअरिंगचा. त्यात बारीक रोलर आणि स्प्रिंगा असतात. हौसेने इथं घट्ट ग्रीस भरलं की रोलर चिकटतात आणि नेमक्या झटक्याला हँडल मागे फिरतं. उपाय साधा : आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावं, सुकवावं, पातळ तेलाचा एकच थेंब द्यावा.

[दृश्य : नळाची बारीक धार, रील धुताना.]

मग सीलबंद रील घ्यावं का? पेन कंपनीच्या स्पिनफिशर सहाला पाणी अडवण्याचा आयपीएक्स 5, स्लॅमर चारला आयपीएक्स 6 दर्जा आहे. पाच म्हणजे पाण्याची धार, सहा म्हणजे जोरदार धार. मधला एक्स धुळीच्या कणांच्या जागी बसतो, म्हणजे त्या बाजूचा दर्जा दिलेलाच नाही. आपल्या खाडीत तर कणच कण. सील पाणी अडवतं हे खरं, पण गाळ बसला की त्याची रबरी कडही झिजते. डायवा कंपनीच्या मॅगसीलमध्ये चुंबकाने धरलेलं तेल पाणी अडवतं. त्यात वरून दुसरं तेल सोडलं की ते सील बिघडतं. म्हणजे घरी खोलून तेलपाणी करण्याची सवय असलेल्यालाच हे रील नडतं. सुटे भाग मागवायचे तर थांबायची तयारी हवी.

सकाळभर ल्यूर, म्हणजे नकली आमिष, फेकणाऱ्याला हलका रोटर मनगटाला जाणवतो, आणि बोटीवरून खोल समुद्रात मोठ्या माशामागे जाणाऱ्याला न वाकणारी बॉडी लागतेच. त्यांनी स्टेला घ्यावं, खुशाल. जेट्टीवर कोळंबी लावून शिंगाळ्याची वाट पाहायला साठ हजार म्हणजे उधळपट्टी. दहा-पंधरा हजारांचं, धातूच्या बॉडीचं, रोलरला बेअरिंग असलेलं 4000 साइजचं, म्हणजे मध्यम आकाराचं, रील आणि उरलेल्या पैशांतून एक जादा स्पूल, एवढ्यावर खाडी निभते.

धुणं मात्र दोघांनाही चुकत नाही. ड्रॅगची चकरी आधी घट्ट आवळावी, म्हणजे पाणी चकत्यांत जात नाही. नळाची हलकी धार, बादलीत बुडवायचं नाही. पुसून सुकवल्यावर ड्रॅग सैल सोडावा, नाहीतर चकत्या दबून राहतात.

[दृश्य : रोलर परत बसतोय.]

रोलर खोलताना वॉशरांचा क्रम मोबाइलवर टिपून ठेवावा. बसवून झाल्यावर दोरीचा तुकडा त्यावरून ओढून पाहावा. दोरी सरकली आणि रोलर जागचा हलला नाही, तर वॉशर उलटा बसलाय. स्क्रू परत काढा.